वाहतुकीचे चित्रगुप्त

दिवाळीच्या चार दिवसांत आपण सारेच कुठे ना कुठे निघालेले असतो. कुणी माहेरी, कुणी मूळ गावी, कुणी भाऊबीजेला बहिणीकडे. परत आल्यावर शेजारी हटकून विचारतात, "गर्दी होती का हो गाडीला?" आणि आपले उत्तर ठरलेले असते, "बेसुमार!"

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे या शब्दापाशी मी जरासा थबकतो. 'शुमार' म्हणजे मोजदाद. फारसीतून आलेला हा शब्द 'खानेसुमारी'त, म्हणजे घरटी गणतीत, आपला मूळ अर्थ धरून राहिला आहे. एरवी मात्र आपण त्याचा पार अदमास करून टाकला. 'सुमारे शंभर माणसे' म्हणजे नक्की किती ते ठाऊक नाही, एवढाच त्याचा भावार्थ. मोजणीचाच शब्द आपण अंदाजाच्या पदरात घातला, आणि जे मोजवतच नाही ते बेसुमार म्हणून सोडून दिले!

घरच्या गप्पांत हे खपून जाते. पण ज्यांना नवे रूळ टाकायचे आहेत, पूल बांधायचे आहेत, रस्त्यांवर कोट्यवधी रुपये खर्चायचे आहेत, त्यांचे 'बेसुमार' म्हणून कसे भागावे? देशात माणसे कुठून कुठे जातात, माल कोणत्या वाटेने फिरतो, वाटेत किती जण प्राणाला मुकतात, हे कुणीतरी मोजले पाहिजे. ते कुणी मोजायचे? काम करणाऱ्याने, की तिऱ्हाइताने? प्रश्न दिसायला रुक्ष आहे. पण त्याच्या पोटात माणसांचे जीव आहेत. अमेरिकेने हा प्रश्न शंभर वर्षे घोळवला आणि अखेर १९९१ साली त्यासाठी एक निराळी सरकारी कचेरी काढली. तिची ही हकीकत.

बोटे गमावलेली माणसे

गोष्ट आगगाडीपासून सुरू होते. १८८० च्या सुमारास अमेरिकेत मालगाडीचे डबे एकमेकांना जोडीत ते लोखंडी कडी आणि मेख यांनी. एक डबा उभा, दुसरा त्याच्याकडे सरकत येणारा, आणि दोहोंच्या मधे उभा असलेला ब्रेकमन. त्याने कडी हाताने धरून समोरच्या खोबणीत घालायची आणि ऐन क्षणी वरून मेख टाकायची. निमिषभर चुकले की बोटे गेली. पाय घसरला की माणूसच गेला. गाडी थांबवायची तीही अशीच. धावत्या डब्यांच्या टपांवरून चालत जाऊन एकेका डब्याचे चाक हाताने आवळायचे; मग पाऊस असो की बर्फ असो.

हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. जुना ब्रेकमन त्याच्या तुटक्या बोटांवरून ओळखावा, असे लोक सहज बोलत. पण असे किती? प्रत्येक कंपनीचे दप्तर निराळे, लिहिण्याची तऱ्हा निराळी. आणि 'नोकराचा निष्काळजीपणा' एवढी नोंद केली की प्रकरण मिटत असे.

आयोवा राज्यातल्या लोरेन्झो कॉफिन नावाच्या एका शेतकऱ्याने एका ब्रेकमनची बोटे डोळ्यांदेखत चिरडलेली पाहिली आणि आपोआप जुळणाऱ्या कड्यांसाठी त्याने वर्षानुवर्षे रान उठवले. सभा झाल्या, पत्रे झाली. कंपन्यांना पाझर फुटेना. एका माणसाची कळकळ ती. तिला उत्तर द्यायला कोण बांधलेले असते?

याच सुमारास, १८८७ साली, आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला. रेल्वे कंपन्यांच्या दरांवर लक्ष ठेवणे हे त्याचे मुख्य काम. पण दर वाजवी की गैरवाजवी हे ठरवायचे तर आधी हिशेब हवेत. म्हणून मिशिगन विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री कार्टर अॅडम्स यांना आयोगाने सांख्यिक म्हणून बोलावले. सगळ्या कंपन्यांनी एकाच नमुन्यात वार्षिक तक्ते भरून द्यावेत, एका कंपनीचा 'खर्च' तो दुसरीचाही 'खर्च'च असावा, यासाठी या गृहस्थांनी दोन तपे खपून काम केले. असल्या कामात ना टाळ्या मिळत, ना हारतुरे.

आणि मग तो आकडा बाहेर आला. डिसेंबर १८८९ मध्ये अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी संसदेला धाडलेल्या वार्षिक संदेशात सांगितले की, जून १८८८ अखेरच्या एका वर्षात देशातले २,००० हून अधिक रेल्वे-नोकर कामावर असताना मारले गेले आणि २०,००० हून अधिक जखमी झाले. या माणसांना रोजच्या कामात लढाईवरच्या शिपायाइतका धोका पत्करावा लागावा, ही सुधारलेल्या देशाला लाज आणणारी गोष्ट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १८९३ साली कायदा झाला. आपोआप जुळणाऱ्या कड्या आणि हवेच्या दाबाचे ब्रेक सक्तीचे झाले. कंपन्यांनी मुदतवाढ मागत मागत १९०० सालापर्यंत वेळ काढला. पण अखेर डब्यांमधे उभे राहून कडी धरण्याचे ते जीवघेणे काम संपले.

मराठीत 'आकडा' म्हणजे संख्या, आणि 'आकडा' म्हणजे अडकवायचा हूकही. डब्यांचा आकडा बदलायला आधी कागदावरचा आकडा लागला, असे म्हणायला हरकत नाही.

दहा वह्या, दहा हिशेब

विसाव्या शतकात वाहतुकीचा संसार वाढला. मोटारी आल्या, मालमोटारी आल्या, विमाने आली, तेलाचे नळ जमिनीखालून धावू लागले. प्रत्येकासाठी निराळे मंडळ आणि प्रत्येक मंडळाची निराळी वही. नद्यांतून जाणारा माल सैन्याचे इंजिनिअर मोजीत, विमानांचा हिशेब विमान मंडळाकडे, रस्त्यांचा रस्तेवाल्यांकडे. १ एप्रिल १९६७ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत या बहुतेकांना एका छपराखाली आणून वाहतूक खाते उघडण्यात आले. बिऱ्हाडे एका वाड्यात आली खरी; पण प्रत्येकाच्या जमाखर्चाची वही मात्र निराळीच राहिली.

यात बिघडले कुठे, असे तुम्ही विचाराल. एक टन सफरचंदांचे उदाहरण घेऊ. बागेतून ती मालमोटारीने स्टेशनावर गेली. तिथून आगगाडीने हजार मैल. उतरल्यावर पुन्हा मालमोटारीने शहरातल्या बाजारात. मोटारवाल्यांच्या वहीत दोन टन लागले, रेल्वेच्या वहीत एक. बेरीज केली तर तीन टन. आणि खाणाऱ्याच्या तोंडी आला एकच! शिवाय ही सफरचंदे मुळात निघाली कुठून आणि पोचली कुठे, हे तिन्ही नोंदींतून कळायचे नाही ते नाहीच. प्रत्येकाला आपल्यापुरता टप्पा ठाऊक. अख्खा प्रवास कुणालाच ठाऊक नाही.

तो कळावा म्हणून तिथल्या जनगणना खात्याने १९६३ पासून वाहतुकीची गणती सुरू केली. पण १९७७ नंतर ती रेंगाळली. १९८३ साली माहिती गोळा झाली, ती छापण्याच्या लायकीची ठरली नाही. त्याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत होती. १९७८ साली विमान कंपन्यांवरची आणि १९८० साली मालमोटारी व रेल्वे यांच्यावरची सरकारी बंधने सैल झाली. १९८४ अखेर विमान मंडळाला टाळे लागले. दर उतरले म्हणून लोक खूष होते, आणि त्यात वावगे काही नव्हते. पण बंधनांच्या निमित्ताने जे तक्ते भरून यायचे तेही हळूहळू पातळ होत गेले, किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात जाऊन पडले. घरातला कडक आजोबा गेला की मुले सुटल्यासारखी होतात. पण महिन्याचा हिशेब कोण लिहीत होते, हे महिनाअखेरीलाच आठवते. तसेच काहीसे झाले.

कायद्यातले एक कलम

ती महिनाअखेर १९९१ साली आली. १९५६ पासून बांधायला घेतलेले आंतरराज्य महामार्गांचे जाळे जवळपास पुरे झाले होते. आता पुढे काय? सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन हे स्वतः एके काळचे हार्वर्डचे प्राध्यापक. त्यांच्या पुढाकाराने जो कायदा घडला, त्यात सहा वर्षांसाठी सुमारे १५५ अब्ज डॉलरची तरतूद होती. पैसा केवळ रस्त्यांतच घालावा असा हट्ट नव्हता. राज्यांनी आणि शहरांनी गरजेप्रमाणे रस्ता, बस, आगगाडी यांतून निवड करावी, अशी मोकळीक दिली होती.

पण निवड करायची कशाच्या आधारावर? खिशात पैसे आहेत, बाजार समोर आहे, आणि घरात काय संपले आहे याचा पत्ता नाही, अशी ती अवस्था. म्हणून त्याच कायद्यात एक कलम घातले गेले: वाहतूक खात्यात 'ब्यूरो ऑफ ट्रान्सपोर्टेशन स्टॅटिस्टिक्स', म्हणजे वाहतूक सांख्यिकी कचेरी, स्थापन व्हावी. तिने निरनिराळ्या वह्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात, सारी माहिती एका मापात आणावी, दरवर्षी अहवाल छापावा. आणि कोणती माहिती अजून हाती नाही तेही सांगावे. १८ डिसेंबर १९९१ रोजी अध्यक्ष थोरले बुश यांनी टेक्सासमध्ये कायद्यावर सही केली. वर्षभराने कचेरीचे काम सुरू झाले.

तिचे पहिले संचालक कोण झाले असतील? बॉस्टन विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक टी. आर. लक्ष्मणन. मूळचे आपल्या भारतातले. अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना नेमले आणि १९९४ साली त्यांनी सूत्रे हाती घेतली. कोणत्या वस्तीतले गिऱ्हाईक कोणत्या बाजाराकडे वळेल, याचे गणित त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९६५ सालीच मांडले होते. माणसे का हलतात, या कोड्याचा त्यांचा अभ्यास असा जुना होता.

नव्या कचेरीने जनगणना खात्याच्या जोडीने १९९३ साली मालाची गणती केली. तिच्यातली युक्ती साधी होती. गाडीवाल्याला न विचारता माल धाडणाऱ्यालाच विचारायचे: काय धाडले, किती धाडले, कुठे धाडले, कोणकोणत्या वाहनाने धाडले? झाले! आपली सफरचंदे आता एकदाच मोजली गेली, आणि बागेपासून बाजारापर्यंतची त्यांची अख्खी वाट कळली. सोळा वर्षांनी देशाला आपल्या मालाच्या फिरतीचे भरवशाचे चित्र दिसले. ही गणती पुढे दर पाच वर्षांनी होत गेली. १९९५ साली तर ८०,००० कुटुंबांना त्यांच्या शंभर मैलांपुढच्या प्रवासाबद्दल विचारण्यात आले. त्यात कामाचा प्रवास आला, आणि आजीला भेटायला जाण्याचाही आला.

पंधरा मिनिटांची सवलत

आकडे आले की सारे आलबेल झाले, असे मात्र समजू नये. १९८७ साली अमेरिकन सरकारने मोठ्या विमान कंपन्यांना हुकूम केला की, तुमची किती विमाने वेळेवर पोचतात ते दरमहा कळवा. आम्ही ते छापू. ठरल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटांच्या आत आले ते विमान 'वेळेवर' धरायचे. १९९५ पासून हे कामही नव्या कचेरीकडे आले.

कंपन्यांनी यावर काय करावे? विमाने वेळेवर आणण्यासाठी त्या झटल्याच. पण जोडीला वेळापत्रकही ऐसपैस करू लागल्या. दोन तासांच्या उड्डाणाला सव्वादोन तास लिहिले की उशीर आपोआप नाहीसा! परीक्षेत जे विचारतात तेवढ्यापुरताच अभ्यास होतो, हा अनुभव आम्हां मास्तरांना नवा नाही. त्यावर उपाय परीक्षा बंद करणे हा नव्हे. प्रश्न अधिक नेमका काढणे हा आहे. जून २००३ पासून कचेरी उशिराचे कारणही मागू लागली: दोष कंपनीचा, की अतिवाईट हवेचा, की आकाशातल्या गर्दीचा, की सुरक्षा-तपासणीचा, की आधीच्या फेरीचे विमानच उशिरा आले? आता 'हवा खराब होती' या एका वाक्यावर साऱ्यांची सुटका होईना.

असे सातत्याने ठेवलेले दप्तर संकटकाळी किती बोलके होते, ते महामारीत दिसले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन विमानांतून प्रवास केला सुमारे ३० लाख माणसांनी. आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ९६ टक्के कमी! आदल्या वर्षीची नोंद त्याच मापाने ठेवलेली होती, म्हणूनच ही घसरण इतक्या नेमकेपणाने सांगता आली. मोडल्यानंतर मोजायला बसले तर मुळात किती होते हे कोण सांगणार?

चूल वेगळी हवी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मोजायचे कुणी? यमराजाच्या दरबाराची आपल्याकडची कल्पना मला याबाबतीत फार शहाणपणाची वाटते. शिक्षा देणारा यम. पण वही चित्रगुप्ताच्या हाती. दोन्ही कामे एकाच्याच हाती दिली असती, तर पापपुण्याचा हिशेब यमाच्या सोयीने लिहिला गेला नसता कशावरून?

अमेरिकेतही ही अडचण आली. २००५ साली खात्याच्या फेररचनेत ही कचेरी संशोधनाच्या एका मोठ्या विभागाखाली घालण्यात आली आणि चित्रगुप्ताच्या डोक्यावर आणखी एक अधिकारी आला. पुढे २०१५ च्या कायद्याने तिची मोकळीक स्पष्ट शब्दांत लिहून दिली: कोणती माहिती गोळा करावी, तिचा अर्थ कसा लावावा आणि ती प्रसिद्ध करावी की नाही, यासाठी संचालकाने खात्यातल्या दुसऱ्या कोणाही अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची गरज नाही. वाडा एकच, पण चूल वेगळी.

जोडीला आणखी एक बंधन आहे, ते कचेरीच्या स्वतःवर. कुणी विश्वासाने दिलेली माहिती गणतीखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरायची नाही. देणाऱ्याचे नाव फोडायचे नाही. या बंधनाचे मोल एका उदाहरणावरून कळेल. २२ जून २००९ रोजी वॉशिंग्टन शहराच्या भुयारी रेल्वेत दोन गाड्यांची टक्कर होऊन ९ माणसे दगावली. पुढे २०१३ साली त्या रेल्वेने आपल्या कामगार संघटनेच्या संमतीने एक योजना हाती घेतली: अपघात होता होता टळला, असे काही कुणा नोकराच्या अनुभवास आले तर त्याने ते गुप्तपणे कळवावे. कुणाला कळवावे? वरिष्ठाला सांगायला कोण धजेल? शिक्षेच्या भयाने ओठ शिवलेलेच राहणार. म्हणून ते कळवायचे या सांख्यिकी कचेरीला. तिच्या हाती शिक्षा नाही, आणि नाव सांगण्याची तिला कायद्याने बंदी आहे. म्हणूनच तिच्यापुढे खरे बोलता येते.

१८८९ साली मेलेल्यांची गणती करून कायदा करावा लागला. सव्वाशे वर्षांनी तोच देश टळलेले मृत्यू मोजू लागला. पुढचे टाळता यावेत म्हणून. या दोन गणतींच्या मधल्या वाटचालीत त्या कचेरीचे सारे सार्थक आले.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी चारशे साठांहून जास्त. हा आकडा राज्यांच्या पोलीस दप्तरांतून गोळा होतो आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचा वाहतूक संशोधन विभाग तो प्रसिद्ध करतो. म्हणजे महामार्ग बांधणाराही तोच आणि त्यावरचे मृत्यू मोजणाराही तोच. यात कुणाच्या सचोटीवर संशय घ्यायचे कारण नाही; एवढा मोठा आकडा न लपवता दरवर्षी छापला जातो, हीही मोठी गोष्ट आहे. पण चूल वेगळी असावी का, हा प्रश्न आपणही एकदा आपल्या राज्यकर्त्यांना विचारायला हवा.

मोजल्याने माणूस वाचतो असे नाही. हॅरिसन यांनी आकडा सांगितल्यावरही कायदा व्हायला तीनाहून जास्त वर्षे लागली, आणि नव्या कड्या सगळीकडे बसायला आणखी सात. तेवढ्या काळात किती ब्रेकमन गेले असतील! पण ते गेले ते नोंदले जाऊन गेले, आणि त्या नोंदीने त्यांच्या मागून कामावर येणाऱ्या पोरांचे हात वाचवले. ज्याची मोजदादच झाली नाही, त्याचे मरण मात्र त्याच्या घरापुरतेच राहते. त्यातून कुणी काही शिकत नाही, आणि त्याच वळणावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा येऊन उभा राहतो.